डायनासोरच्या हाडावर वितळलेलं लोणी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून औषधांचं कपाट आवरायला घेते. असल्या गोष्टींना माझ्याकडे वेळ नाही. तरीही हे लिहितेय, कारण आमच्या डॉक्टरीणबाईंबद्दल सांगायचं तर हे वगळता येत नाही.

मी मूळची शिरूरची. बहात्तरच्या दुष्काळानंतर दौंडला स्टेशनजवळच्या बाईंच्या हाडांच्या दवाखान्यात नोकरीला लागले. प्लॅस्टर, पट्ट्या, एक्स-रेच्या फिल्म – सगळी व्यवस्था माझ्याकडे. एकदा बाईंचे धाकटे भाऊ वसंतराव जबलपूरकडून गाडीने आले ते एक लाकडी पेटी घेऊन. ते भूगर्भशास्त्रज्ञ. पेटीत डायनासोरच्या शेपटीचे दोन मणके, एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"ताई, हा आजारच आहे असं मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना छातीठोक सांगून बसलोय. त्यांनी एकच काप घ्यायची परवानगी दिलीय. कुठे कापू, तू सांग."

चुकीच्या जागी कापलं तर हाडही वाया आणि वसंतरावांचा शब्दही.

एक्स-रेत काही दिसेना. दगडच तो... फिल्म पांढरीफटक. बाईंनी दुपारभर भिंग लावून तपासलं. एका बाजूला फुगवटा होता, तिथे पेन्सिलने खूण केली. पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना.

दुसरा दिवस पोळ्याच्या आदला, बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचा. संध्याकाळी चहा पिऊन बाहेर येतो तर झाडलोट करणाऱ्या सोनामावशी त्या हाडाला हळद-लोणी चोळतायत!

"मावशी! काय केलंत हे?" वसंतराव ओरडले.

"आवं, जनावराचंच हाड न्हवं? आज खांदेमळणी हाय. आमचं बैल दुष्काळात गेलं... हात रिकामं बसंना, म्हनून चोळलं."

"कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलंय ते!"

"मग तवापास्नं कुनी चोळलं असंल का त्याला?"

मला हसू आवरेना. मी फडकं घेऊन पुढे झाले, तर बाई म्हणाल्या, "थांबा. पुसू नका."

लोणी सगळीकडे घट्ट होतं. फक्त एका जागी, फुगवट्यापासून चांगलं वीतभर लांब, ते वितळून तेलासारखं ओघळत होतं. मी बोट लावलं. ऊब! तापलेल्या कपाळासारखी. बोट जरा सरकवलं की गार दगड.

मी लगेच कारणं तपासायला घेतली. ऊन केव्हाच उतरलेलं. दिवा लांब. स्टोव्ह आतल्या खोलीत. मावशींचा हात तिथेच जास्त फिरला असेल – म्हणून हाड स्वच्छ पुसलं, उलटं करून माठाजवळच्या ओल्या फरशीवर ठेवलं आणि सगळ्यांना बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने पाहिलं. तीच जागा, तशीच गरम.

बाई हळूच म्हणाल्या, "पेशंटला मी आधी विचारते, कुठं दुखतंय? याला विचारायचंच राहिलं."

पण नुसत्या उबेवर विसंबतील तर त्या बाई कसल्या! त्यांनी पुन्हा भिंग घेतलं, सुईने त्या जागेचा गाळ कणाकणाने काढला. आत टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र निघालं. "पू वाहून जायची वाट अशीच असते," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलची जुनी खूण स्वतः खोडली.

सकाळी फरशी कापणाऱ्याकडे काप घेतला. आत सुपारीएवढी पोकळी, आणि तिच्याभोवती नव्या हाडाचे थरावर थर.

"आतून सडत होतं, तरी भोवती नवं हाड बांधत होतं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "हे दुखणं घेऊन बरंच जगलंय हो जनावर." फुगवटा म्हणजे नुसता चिकटलेला गाळ होता, धुताना निखळून पडला.

मी हाडाला हात लावला. आता सगळीकडून गार.

ती ऊब कसली होती, हे मला आजही सांगता येत नाही. वसंतरावांनाही नाही. बाईंनी रिपोर्टमध्ये छिद्राचं लिहिलं, पोकळीचं लिहिलं; उबेबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याचं कारण मला कळलं नाही, ते माझ्या निदानात कसं घालू? पण कुणी विचारलं तर झालंच नाही असंही म्हणू नका."