शुभाची चढण

फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून निघून बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर अडकलो होतो. शेजारच्या कानडी मालूअक्का म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प लौकर या हो. शुभा जिन्यात पडलीय." शुभा, माझी बायको. मला वाटलं, पाय मुरगळला असेल, आता तो ट्रेक रद्द होणार. खरं सांगतो, हायसंच वाटलं... राजाजीनगरला घरी पोचेपर्यंत ती गेली होती.

ट्रेक साधासुधा नव्हता. हिमालयातली उंच खिंड, वाटेत हिमनदी, कंबरेला दोर बांधून बर्फावरून चालायचं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हे खूळ कुठून लागलं, मला कधीच कळलं नाही. विचारलं की हसायची, "जाऊन आले की सांगते." सॅकमध्ये तांदळाची पिशवी भरून रोज संध्याकाळी ती आमच्या इमारतीचा जिना चढायची-उतरायची. मी आपला लिफ्टने जायचो. नवे जाडजूड बूट पायाला सरावावेत म्हणून ते घालून घरात पोळ्या लाटायची. बाहेर घातले आणि चावले, तर दुकानदार बदलून देणार नाही, हे तिचं शास्त्र. माझी आई कपाळाला हात लावायची. "अगं, देवघरासमोरून बूट घालून जातेस?"

"आई, देवाला सांगा, त्याच्याच गावाला निघालेय."

आई रागवायची, आणि पदराआड हसायचीही.

तिला जाऊन महिना उलटला. तिच्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतही थांबलं असतं. नातेवाईक म्हणाले, हौस नडली. मला दोन्ही पटतं, आणि दोघांचाही राग येतो. जिन्याने तिला नेलं, की त्या जिन्यामुळेच शेवटचे महिने ती इतकी खुशीत होती? जो बर्फ तिने पाहिलासुद्धा नाही, त्याच्यावर मी रुसून बसलोय. तिच्या ट्रेकच्या गटातली पुण्याची मुलगी फोन करते, "काका, काकूंची सीट कॅन्सल करू का?" सांगतो म्हणतो, आणि सांगत काहीच नाही.

मग मीच जिना चढायला लागलो. वाटलं, तिला नेमकं काय झालं असेल ते माझ्या छातीला तरी कळेल. कळत काही नाही, नुसता दम लागतो. मालूअक्का दार उघडून विचारतात, "लिफ्ट बंद आहे काय अण्णा?" मी नाही म्हणतो. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत त्या दार लावून घेतात.

परवा मात्र चौथ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत एका दमात पोचलो. इतका आनंद झाला, की दार ढकलून ओरडलो, "शुभा, आज कुठेच थांबलो नाही!"

आई बाहेर आली. तिने पंखा लावला. मग म्हणाली, "बस जरा. पाणी आणते."

मला बसवेना. आनंद अजून ओसरला नव्हता, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.