मधल्या नावाशिवाय जिना चढू नये

साक्षात परमेश्वर कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीत आला असता, तरी तळमजल्यावरच्या काकांनी त्याला वडिलांचं नाव विचारल्याशिवाय जिना चढू दिला नसता. आणि ‘मी स्वयंभू’ म्हणाला असता, तर हमखास परत पाठवला असता. तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे साताऱ्याकडचे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्याशी खुर्ची टाकून बसत. नाव-आडनाव सांगून थांबणारा प्रत्येक इसम त्यांच्या लेखी फरारी. “नाव सांगतोय आन बाप गाळतोय, म्हंजी कायतरी भानगड हाय!” केबलवाला सुटला नाही, इस्त्रीवाला सुटला नाही. माझा सख्खा मेहुणा नुसतं ‘शिर्के’ म्हणाला आणि मी येईपर्यंत आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन खाली उभा राहिला. मला तर ते माझ्या नावानं ओळखतच नसत. “काय वसंतरावांचे, आज उशीर?” वसंतराव म्हणजे माझे वडील. ते गावी वारले त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी, माझ्या शेजारची खोली भाड्यानं घ्यायला सुनंदा पवार नावाच्या शिक्षिका आल्या. “मधलं नाव?” काकांनी विचारलं. “नाही लावत,” म्हणून बाई टेम्पोकडे वळल्या. काकांच्या होकाराशिवाय खोली मिळणार नव्हती, आणि त्यांच्या भुवया तर टाळूपर्यंत गेलेल्या. अशा वेळी शहाण्यानं गप्प बसावं. मी म्हणालो, “प्रकाश! बाईंचे यजमान प्रकाशराव मस्कतला असतात.” सामान चढलं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी काका मलाच अडवू लागले, “प्रकाशरावांचं पत्र न्हाई, फोन न्हाई?” मी प्रकाशरावांना आधी कावीळ दिली, मग बढती. दिवाळीत काकांनी थेट बाईंनाच गाठलं, “मस्कतला फराळ धाडला का?”

“कोणाला?” बाई म्हणाल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यातली जळमटं निरखू लागलो.

“नवरा सोडला, काका. म्हणून वडिलांनी दार लावून घेतलं. आता कुणाचं नाव लावू? खोली सोडायची असेल तर तसं सांगा.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्याच संशयी आवाजात म्हणाले, “आई हाय का न्हाई तुमाला?”

“होती. अनसूया.”

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या भाडेकरूंच्या नावांच्या पाटीवर काकांच्या वाकड्या अक्षरांत ओला रंग चमकत होता: सुनंदा अनसूया पवार. कमिटीतले एक गृहस्थ कुरकुरले, “बाईचं नाव मधे? असं कुठं असतं?” काका म्हणाले, “तुमच्या आईचं नाव सांगा आधी.” त्यांना ते आठवायला वेळ लागला. मला शिक्षा एवढीच झाली: “खोटं बोलणं वसंतरावांना शोभत न्हाई.”

आता तिथं टॉवर उभा आहे. गेटवरचा वॉचमन फक्त फ्लॅट नंबर विचारतो. मी आकडा सांगतो, तरी वडिलांचं नाव विचारेल म्हणून क्षणभर रेंगाळतो. वडील गावी वारले हे खरं. पण कोपरखैरण्यात ते गेले, ते काकांबरोबर.