बेनीचा वाटा

माझा धाकटा भाऊ बेनी आधी गेला, इस्रायलला. त्यानंतर दोनेक महिन्यांत मी जपानला. बेनीला सोडायला विमानतळावर गेलो तेव्हा आईने त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी कोंबली आणि म्हणाली, "कुंडीतला एक गुलाब जगवता आला नाही, आणि म्हणे शेती करणार!" बेनी खो खो हसला. आई रडायला लागली, आणि डोळे पुसता पुसताच नवस बोलून बसली, दोघं एकाच वेळी घरी आलात की मलिदा करीन, तोपर्यंत नाही.

आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरांत मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचं ताट. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं. नवस पार पडला की प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी वाटून खायचं. आम्हाला वाटलं, हा काय नवस झाला? वर्षभरात फेडून टाकू.

बेनी किबुत्झवर राहायला गेला. तिथे शेत सगळ्यांचं, जेवणघर सगळ्यांचं, कपडे धुण्याची खोलीही सगळ्यांची. ठाण्यात कुणी त्याच्या टॉवेलला हात लावला तर घर डोक्यावर घेणारा हा मुलगा तिथे रमला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. त्याला फळबागेत काम मिळालं. फळ म्हणजे जपानी लोक ज्याला काकी म्हणतात ते, टोमॅटोसारखं दिसणारं, भगवं. "ताई, तू माझ्या झाडांच्या माहेरी राहतेस," असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा. छाटणी, पाणी, कुठल्या फांदीला कसा टेकू दिला, सगळं सांगायचा. मी ऑफिसातून परतताना तोझाई लाइनच्या लोकलमध्ये बसून त्याचे व्हिडिओ बघायची. उन्हाने काळा झाला होता आणि भलताच सुखी दिसायचा.

जपानमधल्या ग्योतोकुला राहायला आल्यावर पहिल्याच शरदात मी रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या टपरीवरून पिशवीभर काकी आणली. वरून काय रंग! घरी येऊन कचकन चावले आणि तोंडात कुणी खडू भरल्यासारखं झालं. जीभ वळेना. तशीच बेनीला फोन लावला, तर हा हसून हसून झाडाखाली बसला.

"अगं बावळट, तुरट जात आहे ती! आमचीही तसलीच. आम्ही खोलीत गॅस सोडून तुरटपणा घालवतो. तिकडे सोलून वाळवतात. विचार की कुणाला तरी."

खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान आजींनी शिकवलं. फळ सोलायचं, देठाला दोरी बांधायची, उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं आणि बाल्कनीत टांगायचं. वरून सुकलं की अधूनमधून हलक्या हाताने चेपत राहायचं. महिन्याभरात तेच तुरट फळ खजुरासारखं गोड होतं. बेनी म्हणाला, "पुढच्या वर्षी येतो तुझ्या बाल्कनीतली खायला. मग दोघं मिळून आईकडे जाऊ."

ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. काकी पिकते शरदात, तेव्हाच त्याची तोडणी. मला सुट्टी मिळते मेच्या सुरुवातीला गोल्डन वीकला नाहीतर ऑगस्टमध्ये ओबोनच्या सणाला, तेव्हा त्याच्या बागेत दुसरं काहीतरी निघायचं. एकदा हिवाळ्यात सगळं जुळत आलं होतं, तर तोयोसुच्या माझ्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज येऊन पडलं. कुणी कुणाला टाळत नव्हतं, नुसतं जमत नव्हतं. तुम्हीही घर सोडून आला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपण 'पुढच्या वर्षी' किती सहज म्हणतो.

तिथला नागरिक झाल्यावर त्याने सैन्यातली सक्तीची सेवा केली होती, त्यामुळे राखीव सैनिक म्हणून त्याला मधूनमधून बोलावणं यायचंच. शेवटचं आलं ते ऐन तोडणीत. "झाडं थांबत नाहीत ना गं," एवढीच त्याची तक्रार. सीमेवर गेला आणि तिथेच मारला गेला. राहिलेली फळं किबुत्झमधल्या म्हाताऱ्या माणसांनी उतरवली म्हणे.

आमच्यात दफनासाठी कुणाची वाट बघत थांबत नाहीत. आई ठाण्यात, मी ग्योतोकुत, दोघींनी ते मोबाइलवर पाहिलं. त्याच्यावर मूठभर माती टाकायला घरचं कुणी नव्हतं. ऑफिसात लोक हळूच विचारतात, या युद्धाबद्दल तुला काय वाटतं? मला काय वाटणार! सीमेपलीकडेही कुठल्यातरी आईने नवस बोलला असेलच. माझा भाऊ हातातली टोपली ठेवून मरायला गेला, याचा मला भयंकर राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

गेल्या शरदात आईला मी इकडे आणलं. बाल्कनीत काकीच्या माळा होत्या. तिने एक फळ बोटांनी चाचपलं.

"हीच का गं त्याची?"

"हीच."

माळ सरळ करत तिने विचारलं, "पोहे आहेत का घरात?"

"आई, नवस दोघांचा होता."

"मला सांगतेस? मीच बोलले होते."

पोहे होते, खोबरं मी इंडियन दुकानातून आणलं. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, ते इथे कुठून आणणार? तीच म्हणाली प्रार्थना. मध्येच थांबून म्हणाली, "एलियाहू हन्नबीला इतक्या लांब हे घर सापडेल का?"

"सापडेल. तोझाई लाइन सरळ आपल्या दाराशी येते."

आई हसली. बेनी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मोरिता-सानना एक वाटी दिली. मग आईने माझ्या ताटलीत मलिदा वाढला, त्यावर एक काकी ठेवली. आणि पुन्हा तेवढाच मलिदा, पुन्हा एक काकी.

"अगं, एवढं कशाला?"

"तो यायचा होता ना इथे खायला? त्याचा वाटाही तूच खा."

ठाण्याचं घर आहे, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पण घर म्हटलं की आता मला ती ताटली आठवते. दोन्ही वाटे मी खाल्ले, सावकाश. बेनीची काकी गोड झाली होती, तुरटपणाचा मागमूस नव्हता. माझं खाऊन होईपर्यंत आई समोरून उठली नाही.