मोरीच्या पाण्यावरची पॉपी

नव्वदच्या दशकाची पहिलीच वर्षं असतील. माझे मोठे दीर फौजेत हवालदार होते. एका दिवाळीला सुट्टीवर येताना त्यांनी छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढे फुलणाऱ्या पॉपीचं बी कागदाच्या पुडीतून आणलं. राईहूनही बारीक. बोटानंच त्याचे दोन भाग करून एक त्यांनी माझ्या जाऊबाईंना दिला, एक मला. जाऊबाई कोरेगावकडे आमच्या गावी राहायच्या. मी सांगलीत, कारण माझे यजमान कुपवाडला एका कारखान्यात होते. आणि मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होते, हे मी घरात कुणाला विसरू देत नसे.

जाऊबाई चौथी शिकलेल्या. त्यांना मी अक्का म्हणायची. "तू सांग बाई, कसं लावायचं," असं त्यांनी विचारल्यावर मला काय, व्याख्यानच फुटलं. बी नाजूक आहे, घरातच रुजवायचं, चाळलेली माती घ्यायची, खिडकीत ठेवायचं. बाहेर टाकलं तर कोंबड्या खातील, मुंग्या नेतील. अक्का "व्हय, व्हय" करत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाट्याच्या बियात मूठभर चुलीची राख कालवून मोरीच्या पाण्यावरच्या मेथीच्या वाफ्यात भिरकावून मोकळ्या झाल्या. मी तोंडावर हसले त्यांना.

सांगलीत माझं बी आठवड्यात उगवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वनस्पती तुपाच्या रिकाम्या पाच डब्यांत ती रोपं होती, आणि शेजारणींना मी ती बोलावून बोलावून दाखवली. मग रोपं नुसतीच उंच व्हायला लागली. समोर दुसरी इमारत, ऊन जेमतेम तासभर, त्यात गॅसची धग. पांढरट, लेचीपेची काडी काचेकडे वाकायची आणि पडायची. डबे लहान पडले असतील म्हणून मी रोपं उपटून कुंड्यांत लावली. पॉपीचं मूळ हलवलेलं सोसत नाही, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं. संक्रांतीपर्यंत एकच रोप उरलं. त्याला हरभऱ्याएवढी कळी आली आणि गळाली. बी खराब होतं, असं मी यजमानांना सांगून टाकलं.

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला गावी गेले, तर मोरीमागे हीऽ गर्दी. वाफाभर पॉपी फुलली होती. लाल, गुलाबी, मधूनच पांढरी, चुरगळलेल्या रेशमी चिंधीसारख्या पाकळ्यांची. पहाटेची थंडी आणि दिवसभराचं ऊन, तिला एवढंच हवं होतं. वाण घ्यायला आलेल्या बायका आधी मोरीमागे जायच्या, मग घरात यायच्या. अक्कांकडे मुद्दाम बघायला यावं असं काही त्यांच्या संसारात आजवर नव्हतं. त्या नुसत्या मिरवत होत्या.

"आमच्या शिकल्याल्या बाईनं खोलीत पाळण्यात घालून वाढीवली, ती मेली," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "माजी बगा, खरकट्या पाण्यावर आली!"

सगळ्या हसल्या. अक्कांनी हसत माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यात खोट काहीच नव्हती, आज मला ते शपथेवर सांगता येईल. मीसुद्धा हसले. पण मनात असं काही भडकलं की वाण संपेपर्यंत मी पुन्हा मोरीमागे फिरकले नाही.

बायका गेल्यावर मी अक्कांना स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, ही अफूची जात आहे. लावायला सरकारची बंदी आहे."

अफूचं झाड वेगळं, हे शोभेचं. मला ते नीट माहीत होतं.

अक्कांच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "आगं, ह्यांनी तर सायबाच्या बागंतनं आणलं."

"साहेबाला कोण विचारतंय? आपल्याला विचारतील."

"ह्यांच्या नोकरीला काय व्हईल का गं?"

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "कुणी तक्रारीचा अर्ज केला तर सांगता येत नाही."

दिवेलागणीच्या आत त्यांनी सगळा वाफा उपटला. फुलं, कळ्या, मुळं, सगळं उकिरड्यात खोल पुरलं आणि वरून शेण टाकलं. मी मागच्या दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. सकाळी सांगू, असं ठरवलं आणि सकाळी पहिल्या एसटीनं सांगलीला निघून आले.

मे महिन्यात दीर सुट्टीवर आले, तेव्हा मीही गावी होते. चहा पिताना त्यांनी विचारलं, "फुलं आली का न्हाई गं?"

"कोंबड्यांनी खाल्लं बी," अक्का म्हणाल्या.

"हिनं सांगितलं हुतं की घरात लाव म्हणून. ऐकलं नसशील."

"व्हय. माजंच चुकलं."

मी कपबशा उचलून आत नेल्या. नंतर परड्यात अक्कांनी माझा हात धरला. "त्यांच्या जिवाला घोर नगं म्हणून बोलले न्हाई. तू हुतीस म्हून वाचलो बग. गल्लीत समद्यास्नी सांगितलंय मी, शिकल्यालं माणूस घरात आसावं." लाज वाटली म्हणणं फार सौम्य होईल. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि तरीही मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्या देत होत्या तो मान मला सोडवत नव्हता. एवढी क्षुद्र होते मी.

पुढच्या पावसाळ्यात गावी गेले, तर अक्का मुठीत काहीतरी घेऊन माझी वाटच बघत होत्या. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूचं बी. गावात पोरंसोरंसुद्धा कुठंही टाकतात ते.

"ही लावली तर चालंल न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं. "नीट बगून सांग."

मी बी तळहातावर घेतलं, उजेडात धरून तपासल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चालेल, अक्का."