डावीकडे कललेली जीप

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा नवरा आखातात नोकरीला गेला. मागे राहिलो मी, सासूबाई आणि सासरे. आणि डोंबिवलीतल्या आमच्या बैठ्या घरामागे त्याची जीप. लिलावात घेतलेली, जुनी, चारही चाकांना जोर देता येणारी, त्याच्या जिवाचा तुकडा. जायच्या आधी आम्ही दोघं तिच्यातून शहाडला नदीवर गेलेलो. येताना एका खड्ड्यात मागून कडाड आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. "आल्यावर बघतो," म्हणाला, आणि काही दिवसांत विमानात बसला.

मी ठाण्याच्या खाडीकाठची, कोळ्याची मुलगी. सासरे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आमचं लग्न त्यांना पटलं नव्हतं. ते कधी भांडले नाहीत, फक्त माझ्याशी बोलायचे नाहीत. मी समोर उभी असले तरी सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, मला आज भात कमी."

नवऱ्याचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा. चार माणसांत काय बोलणार? तो जीपची चौकशी करायचा, मी म्हणायचे, बरी आहे. मग दुपारी सगळे झोपले की मी मागे जाऊन त्याच्या सीटवर बसायचे. स्टिअरिंगला तेलकट वास होता, त्याच्या हातांना असायचा तसाच. कललेल्या गाडीत घसरून एका बाजूला जायला व्हायचं. तशीच बसून राहायचे.

एकदा भंगारवाला दारात आला. सासूबाई म्हणाल्या, "घेऊन जाऊ दे एकदाची, साप होतील तिच्याखाली." मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "नाही द्यायची." इतकंच. आवाज मात्र चिरकला. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुना सदरा घालून मागे गेले, गोणपाट अंथरलं आणि टॉर्च घेऊन जीपखाली शिरले. मी तिथेच भांडी घासत होते. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "पाटा तुटलाय. सगळ्यात वरचा." कुणाला सांगत होते कोण जाणे. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी हात पुसले आणि त्यांच्या शेजारी वाकून पाहिलं. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, त्यावर गाडीचा सगळा भार. वरची पट्टी सरळ दोन तुकडे झालेली.

त्यांनी असलं काम आयुष्यात केलं नव्हतं. मीही नाही. नवऱ्याची हत्यारांची पेटी होती, तेवढ्यावर सुरुवात केली. गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतायचं, थांबायचं, पाना लावायचा. पाना मी धरायचे, हातोडी ते मारायचे. आमचं बोलणं म्हणजे ते गाडीला उद्देशून म्हणायचे, "आता जरा डावीकडे," आणि मी पाना डावीकडे न्यायचे.

चाक काढून गाडी जॅकवर घेतली होती. आदल्या दिवशी पाणी सांडून जमीन भुसभुशीत झालेली, ते आमच्या ध्यानात आलं नाही. सासरे काढलेल्या चाकाच्या जागी हात घालून बसले होते. मी पाना घेऊन पेटीकडून वळले आणि जॅक तिरपा होताना दिसला. मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. ते माझ्यावर पडले, आणि गाडी धप्पकन खाली आली, बरोबर त्यांचा हात होता तिथे.

धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं जमिनीवरच. त्यांचा चष्मा लांब उडालेला. ते माझ्याकडे बघत होते, बहुतेक नीट दिसत नसावं.

"तुला लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"नाही." मग चष्म्यासाठी जमीन चाचपत म्हणाले, "खाली फळी घ्यायला हवी होती."

सासूबाई धावत आल्या तेव्हा आम्ही फळी शोधत होतो.

पाट्यांचा जुडगा रिक्षात घालून आम्ही शीळफाट्याला नेला. तिथे ट्रकवाल्यांची कामं करणारा एक लोहार होता, त्याने नवा पाटा घडवून दिला. काम होईस्तोवर आम्ही बाकड्यावर बसलो, वडापाव खाल्ला. सासऱ्यांनी मला माझ्या वडिलांची होडी केवढी आहे ते विचारलं. त्यांचा मुलगा लहानपणी घड्याळं उघडून बसायचा आणि मग रडायचा, हे त्यांनी सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. त्या बाकड्यावर मला नवऱ्याची जितकी आठवण आली तितकी एकटी असताना कधी आली नसेल. त्यांनाही येत असावी. नाक पुसून म्हणाले, "धूळ फार इथे."

बसवताना नव्या पाट्याचं भोक जुळेना, बोटभर मागे राहायचं. मी माहेरून होडीचा दोर आणला, एक टोक पाट्याला, एक मागे सांगाड्याला बांधलं, मध्ये दांडका घालून पीळ दिला. पाटा सरकत सरकत आला. "धर, धर, सोडू नकोस," म्हणत त्यांनी बोल्ट आत ठोकला. चाक लावून जॅक काढला. दोघं लांब जाऊन उभे राहिलो. जीप सरळ उभी होती.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा आधी गाडीखाली शिरला. बाहेर आला आणि वडिलांच्या पाया पडला. रविवारी आम्ही सगळे ठाण्याला माझ्या माहेरी गेलो. सासरे पहिल्यांदाच येत होते. माझे वडील जीपभोवती फिरले, मागच्या बाजूला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "गारी बेस हाय." सासरे म्हणाले, "तुमच्या मुलीने केलीय. मी होतो मदतीला."

सुट्टी संपली आणि तो परत गेला. असं आणखी पुष्कळ वर्षं चाललं. त्या वर्षांत मी आणि सासऱ्यांनी जीपचे ब्रेक केले, शॉकॲब्सॉर्बर बदलले, पुढचे पाटेही उतरवले. नवरा कायमचा परत आला त्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले.

आता घराच्या जागी बिल्डिंग आहे, खाली जीपच्या जागी आमची नवी गाडी असते. नवरा रोज संध्याकाळी घरी असतो. ज्यासाठी एवढी झुरले ते सगळं मिळालं. तरी कुठे रॉकेलचा वास आला की दुपार डोळ्यांसमोर येते, जीपखालून बाहेर आलेले सासऱ्यांचे दोन पाय दिसतात, आणि मला तिथे जाऊन पाना धरावासा वाटतो.