गयाचा रोजचा सवाल

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मी तेवीस वर्षांचा होतो, शाळा चौथीपर्यंत, आणि घरात शेवटचा शब्द माझा. फुलंब्रीला आमच्या दारात मांडव घातला होता. माझी बायको गया, तिच्या पहिल्या खेपेचं डोहाळजेवण. हिरवं लुगडं मी स्वतः औरंगाबादच्या गुलमंडी बाजारातून आणलेलं. पंगत बसायच्या वेळी तिनं मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, सकाळपासून लेकरू हललं नाय. रोज भाकरी खाल्ली की लाथा मारतं... आज नाय."

माझी आई म्हणाली, "दिवस भरत आले की लेकरू निवांत पडतं." मी म्हणालो, "आधी पाव्हणे जेवू दे. भरल्या मांडवातून उठलो तर लोक काय म्हणतील?" गया पाटावर जाऊन बसली. बायांनी ओटी भरली, गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी औरंगाबादला डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून लई वेळ ऐकलं. ठोका नव्हता. बाई म्हणाल्या, "लेकराची हालचाल कमी झाली की त्याच घटकेला यायचं. दरवेळी वाचतंच असं नाय, पण कालच आणलं असतं तर बघता तरी आलं असतं." गया माझ्याकडं बघत होती.

पुढच्या खेपेला मात्र तिनं मला जेवणावरून उठवलं. "आज कमी हलतंय. चला." एसटीनं शहरात गेलो. ठोका खणखणीत निघाला. मी कुरकुरलो, "फुकट खेटा झाला." ती म्हणाली, "असले शंभर घालीन." डॉक्टरीणबाईही तिच्याच बाजूनं बोलल्या, "पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा या." तोच आमचा थोरला.

तेव्हापासून रोज सकाळी ती दाराच्या पायरीवर ज्वारी निवडत बसायची आणि गल्लीतली पोटुशी बाई दिसली की विचारायची, "का गं, आज बोललं का लेकरू?" बाई घुटमळली की सूप खाली. "गोड खाऊन बघते, उद्या बघते, असलं काय नको. तुझ्या लेकराची चाल तुलाच ठावी. ऊठ." मी पारावरून टोमणा मारायचो, "आली डॉक्टरीण!" ती तिथूनच ओरडायची, "व्हय, आले! तुम्हीच केली!" पारावरचे हसायचे. मीही हसायचो... आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

गया गेली त्याला आता सव्वा महिना झाला. तेराव्याला दारात पुन्हा मांडव. सोयरे माझ्या डोक्यावर घालायला दुखवट्याची टोपी घेऊन उभे, पंगत मांडलेली. आमची नातसून पूजा, आठवा महिना, दाराआडून म्हणाली, "आबा, सकाळपासून कमी हलतंय. आजी असत्या तर त्यांना सांगितलं असतं." तिची आतेसासू म्हणाली, "गोडजेवण उरकू दे, मग जा." मी टोपी तशीच सोडून उठलो. "पाव्हणे जेवतील नायतर जातील. गाडी काढा."

शहरात गारखेड्याच्या दवाखान्यात तिच्या पोटाला पट्टा बांधला. मशीनमधून ठोका ऐकू आला. डॉक्टर म्हणाल्या, "ठोका आहे, पण बाळ दमलंय. थांबायला नको." संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. बारीक आहे, काचेच्या पेटीत ठेवली, पण रडली चांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आलो आणि जन्मात पहिल्यांदा गयाच्या पायरीवर बसलो. सूप मांडीवर घेतलं. समोरच्या घरातली सून पाण्याला निघाली होती, सातवा महिना. म्हाताऱ्या माणसानं असं विचारायची आमच्यात रीत नाय. मी ज्वारीतून मान वर केली नाय.

"का गं पोरी, आज बोललं का लेकरू?"

ती थबकली. पदर सावरला.

"बोललं, आबा. दोनदा."