दुधाच्या डब्यातले तांदूळ

मिल्क बँकेच्या, म्हणजे आईच्या दुधाच्या पेढीच्या, प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आम्हा सिस्टर्सच्या हातात आधी प्रश्नांचा कागद ठेवला. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला आईचं दूध नसेल तर काय द्याल? मी ठसक्यात लिहिलं, पावडरचं दूध. दुसऱ्या आईने दिलेलं, गोठवलेलं दूध कसं तयार कराल? लिहिलं, उकळून. पंचवीस वर्षांची नोकरी माझी, आणि कागदभर लाल फुल्या! शेजारी बसलेली, कालपरवा नोकरीला लागलेली पोरगी मात्र सगळं बरोबर लिहून गालात हसत होती. शहापूरहून मुरबाडला घरी पोचेपर्यंत एसटीत मी तोंड फुगवून बसले होते.

पण शिकले. हट्टानेच शिकले. दूध देणाऱ्या आईचं रक्त आधी तपासतात, स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरलेलंच दूध तिने द्यायचं, पेढीत ते मोजून-मापून तापवतात आणि मग गोठवतात. आम्ही फक्त कोमट पाण्यात बाटली धरायची. उकळलं की त्यातला गुण गेला. आणि एवढ्याशा बाळाच्या कोवळ्या आतड्यांना पावडर बाधते, कधी जिवावरही बेतते. हे कळलं तेव्हा आधीची किती बाळं डोळ्यांसमोर आली, ते सांगत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक नुकती जन्मलेली मुलगी आली. किन्हवलीच्या आतल्या एका पाड्यावरची. दीड किलोसुद्धा भरली नव्हती. बाळंतपणात आईला झटके आले म्हणून तिला ठाण्याला हलवलं, बाप तिच्यासोबत गेला. बाळ आमच्याकडे काचेच्या पेटीत, आणि पेटीशेजारी आजी, म्हणजे आईची आई. बापाला फोन केला तर म्हणाला, "आजी सांगंल तसं करा."

शहरातल्या पेढीतून बर्फाच्या डब्यात दूध आलं होतं. मी आजीला सगळं समजावलं. तिने एकच विचारलं, "कुनाचं हाय?"

"नाव सांगायचं नसतं आजी. आम्हालाही माहीत नसतं."

"मंग नको."

झालं! माझं डोकं फिरलं. माझ्या आईला लहानपणी गावच्या विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतायचे. ते ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे कुणी 'कुणाचं' असं विचारलं की माझ्या कानशिलात जाळ होतो. मी सुरूच झाले. दुधाला जात असते का, भुकेल्या पोराला धर्म कळतो का, तुमच्या हट्टापायी ही चिमणी जाईल, मग बसा कपाळाला हात लावून. वॉर्डातल्या बाया माना वर करून बघायला लागल्या. आजी मात्र शांत. माझा दम संपल्यावर म्हणाली, "तुजं झालं?"

मी मान हलवली.

"जात कोनी इचारली गो? आमच्या पाड्यावर म्हस व्याली का चीक घरोघर जातो. त्या भांड्यात चार दानं टाकल्याबिगर आमी भांडं परत नाय देत. रिकामं गेलं तं म्हस आटते. ही तं बाय हाय, तिचं लेकरू हाय. नाव ठाव नाय, गाव ठाव नाय, मी भांडं भरून पाठवू कुनाकडं? माजी नात जगल नि तिचं लेकरू उपाशी राहील, असं नको मला."

माझं तोंड एवढंसं झालं. मी तिला काय काय ठरवून बसले होते, आणि ही बाई कधी न पाहिलेल्या बाळाची काळजी करत होती. तरी मी माझं घोडं दामटलंच. म्हटलं, आजी, दूध काढलं म्हणून आटत नाही, जेवढं काढावं तेवढं येतं.

"ते मला नको शिकवू. चार पोरं पाजलीत. भांड्याचं काय ते बोल."

भांड्याचं प्रशिक्षणात काही सांगितलं नव्हतं. बाटलीत तर काही टाकता येत नाही, ती निर्जंतुक करायची असते. मग सुचलं. "आजी, हा बर्फाचा डबा आहे ना, तो रिकामाच परत जातो. त्याला बाहेरून कप्पा आहे."

तिने पिशवीतून मूठभर तांदूळ काढले. मी ते एका स्वच्छ पुडीत बांधले, कप्प्यात ठेवले आणि तिच्यासमोर चेन ओढली. तेव्हा कुठे ती म्हणाली, "पाज."

पाज म्हणजे काय, तर नळीतून दर दोन तासांनी चमचाभरही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचं पोट फुगल्यासारखं वाटलं. सारखी हात लावून बघत होते. संध्याकाळी पोरीने लंगोट भरवला आणि मी आजीला मिठीच मारली. आजी म्हणाली, "शिस्टर, हात धू." मेली माझंच शस्त्र माझ्यावर!

डबा येत राहिला, तांदूळ जात राहिले. एक दिवस पेढीतल्या सिस्टरचा फोन आला. "अहो, डब्याला तांदूळ कसले बांधता?" बोलणी खायची तयारी ठेवून मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुडी प्लास्टिकची वापरा, बर्फाने भिजतात."

पुढच्या आठवड्यात आई परत आली. तिकडच्या सिस्टर्सनी हाताने काढत राहून तिचं दूध टिकवलं होतं. मी पोरीला उघड्या अंगाने तिच्या छातीशी ठेवलं, आणि काय सांगू, दूध असं भरून आलं की पोलकं ओलं! पोरगी प्यायची घोटभर, बाकी सगळं उरायचं. आजी लगेच माझ्यापुढे हजर. "हिचं काड."

"थांबा हो आजी. दूध हिचं आहे, हिला विचारू द्या."

आई लाजून हसली. "आईनं मला फोनवर समदं सांगितलंय. घ्या तुमी."

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. मी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, डब्यात नीट रचल्या. आणि सवयीने पुडी उघडून आजीपुढे धरली.

तिने माझा हात बाजूला सारला. "आज कशाला गो? आज भांडं भरून चाललंय."

मी झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सिस्टरने वॉर्डात रडायचं नसतं, असं नव्या पोरींना मीच बजावत असते.